पुणे, म्युनिक की आउग्सबुर्ग: परदेशी जाण्याआधीच्या एका घरखर्चाच्या हिशेबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मी पुण्यात करसल्ल्याचे काम करतो. या प्रकरणातील कुटुंबाचे विवरणपत्र काही वर्षे माझ्याकडे येते. निखिल आणि मृणाल ही नावे बदललेली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम मोघम ठेवले आहेत. रकमा सोयीसाठी जवळच्या पूर्ण आकड्यांत दिल्या आहेत.

निखिल वाहन-उद्योगासाठी सॉफ्टवेअर तयार करणारे अभियंता आहेत. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना म्युनिकच्या एका कंपनीकडून वर्षाला ६६,००० युरो पगाराचे पत्र आले. त्या वर्षी जर्मनीच्या ब्लू कार्डासाठी (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा निवास-परवाना) वार्षिक पगाराची सर्वसाधारण मर्यादा ४५,३०० युरो होती, त्यामुळे व्हिसाची अडचण नव्हती. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मन भाषेचे प्रमाणपत्र न देता व्हिसा मिळतो आणि तिथे नोकरी करण्यावर बंधनही नसते. पुण्यात निखिल यांचा इन-हँड पगार १,५२,००० रुपये होता. मृणाल एका विमा कंपनीत दावे तपासण्याचे काम करत आणि त्यांच्या हातात ६४,००० रुपये येत. वारज्यात कर्जावर घेतलेला स्वतःचा फ्लॅट, साडेसहा वर्षांची मुलगी आणि साताऱ्याला राहणारे निखिल यांचे आईवडील, असा संसार होता.

उत्तर देण्यासाठी कंपनीने सहा आठवड्यांची मुदत दिली होती. त्यांपैकी पहिले तीन आठवडे चुकीच्या हिशेबात गेले. त्या चुकीतच या प्रकरणाचा बराचसा अर्थ असल्यामुळे तिच्याविषयी आधी सविस्तर लिहितो.

पहिली तुलना

निखिल पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्याकडे एक्सेलमधली ४१ ओळींची यादी होती. एका बाजूला पुण्याचा भाव, दुसऱ्या बाजूला म्युनिकचा भाव गुणिले ९०, कारण त्या सुमारास युरो ९० रुपयांच्या आसपास होता. दूध, अंडी, तांदूळ, टोमॅटो, सिनेमाचे तिकीट, पुरुषांचे केस कापणे, जिमची वर्गणी अशा त्या ओळी होत्या. बरेच आकडे लोकांनी स्वतः भरलेल्या भावांवर चालणाऱ्या संकेतस्थळांवरून घेतलेले होते. घरी ही यादी मोठ्याने वाचली गेली होती. वडिलांनी दुधाचा भाव विचारला, "लिटरला नव्याण्णव रुपये, बाबा" असे उत्तर आले आणि त्यानंतर घरातली चर्चा दुधापुढे फारशी सरकली नाही.

यादीच्या तळाशी निष्कर्ष होता: खर्च तिप्पट, पगार अडीचपट, म्हणजे व्यवहार तोट्याचा. मृणाल यांच्या भावाने त्याच यादीवरून नेमका उलटा निष्कर्ष काढला होता. ६६,००० युरो म्हणजे ५९ लाख ४० हजार रुपये, आणि एवढा पगार पुण्यात कोण देणार, असे त्यांचे म्हणणे होते. दोघांचा गुणाकार बरोबर होता, पण दोघेही वेगवेगळ्या चुका करत होते.

यादीत तीन दोष होते. पहिला असा, की ४१ वस्तूंना सारखेच वजन दिले होते. महिन्यातून एकदा लागणारी केशकर्तनाची ओळ आणि पगाराचा मोठा वाटा गिळणारी घरभाड्याची ओळ शेजारीशेजारी बसल्या होत्या, आणि सरासरीत दोघींची किंमत एकच होती. दुसरा दोष म्हणजे जे खर्च पुण्यात अस्तित्वातच नव्हते ते यादीत येणे शक्यच नव्हते, कारण यादी पुण्याच्या सवयींवरून बनवलेली होती. जर्मनीत घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला महिन्याला १८.३६ युरो प्रसारण-शुल्क भरावे लागते. तिसरा दोष सर्वांत महाग होता: यादीत मृणाल यांचा पगार कुठेच नव्हता. त्यांची नोकरी सुटणार हे सगळ्यांना ठाऊक होते, पण महिन्याचे ६४,००० रुपये जाणे हा 'खर्च' आहे असे कुणाला वाटले नव्हते. तो दुकानात विकत घ्यावा लागत नाही, म्हणून बहुधा.

प्रश्न नव्याने मांडणे

मी त्यांना यादी बाजूला ठेवून सहा महिन्यांची बँकेची आणि यूपीआयची उताऱ्यांची पाने आणायला सांगितली. त्याआधी दोघांनी आपला महिन्याचा खर्च वेगवेगळ्या कागदांवर अंदाजाने लिहायचा होता. निखिल यांनी ९० हजार लिहिले, मृणाल यांनी ९८ हजार. उताऱ्यांवरून आलेली सरासरी १,२३,००० रुपये होती.

त्यात कर्जाचा हप्ता ३६,५०० रुपये होता आणि सोसायटीचा मेंटेनन्स ३,२००. किराणा, दूध आणि भाजी मिळून १९,५००. पोळ्या आणि भांडी-फरशी करणाऱ्या दोन मावशींचे ७,५००, शाळा आणि व्हॅनकाकांचे ११,८००, पेट्रोल, रिक्षा व गाडीची देखभाल ९,४००, वीज-गॅस-इंटरनेट-मोबाइल ५,६००, औषधे आणि विम्याचे हप्ते ६,५००, आईवडिलांना १०,०००. उरलेले १३,००० रुपये हॉटेल, आहेर, वाढदिवस आणि लग्नकार्यांत जात. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातली तफावत मुख्यतः याच ओळीत होती. दोघांच्या मिळून २,१६,००० रुपयांतून महिन्याला ९३,००० रुपये शिल्लक राहत होते.

हा ९३,००० चा आकडा हाती आल्यावर प्रश्नाचे रूपच बदलले. 'तिकडे महाग आहे का?' हा प्रश्न सोडून आम्ही असे विचारले: तिथला खर्च भागवून, आणि इथे मागे राहणारी देणी फेडून, महिनाअखेर किती उरते? ते ९३,००० पेक्षा कमी असेल तर किती काळ चालेल आणि कशासाठी चालवून घ्यायचे?

मागे राहणारी देणी हा भाग अशा तुलनांमध्ये जवळजवळ नेहमीच सुटतो. विमानात बसल्यावर गृहकर्ज थांबत नाही. सोसायटी मेंटेनन्स मागतेच. मुलगा परदेशी गेला म्हणजे आईवडिलांचा खर्च घटत नाही, उलट जी कामे तो शनिवार-रविवारी साताऱ्याला जाऊन करत असे त्यांना पैसे मोजून माणूस लावावा लागतो.

हातात येणारा पगार

६६,००० युरो हा कापला जाण्याआधीचा आकडा. जर्मनीत कर्मचाऱ्याच्या वाट्याला निवृत्तिवेतनाचे ९.३ टक्के, बेकारी विम्याचे १.३ टक्के आणि आरोग्य व शुश्रूषा विम्याचे मिळून साधारण दहा टक्के येतात (आरोग्याच्या कपातीला पगाराची वरची मर्यादा आहे) आणि त्यावर प्राप्तिकर. कर किती कापायचा हे करवर्गावरून ठरते. एकच कमावता असलेल्या विवाहितासाठी तिसरा वर्ग सोयीचा, एकट्यासाठी पहिला. २०२४ च्या दरांनी तिसऱ्या वर्गात निखिल यांच्या हातात महिन्याला सुमारे ३,८४० युरो येत होते, पहिल्या वर्गात सुमारे ३,४२०.

यात एक मेख होती. तिसरा वर्ग मिळण्यासाठी जोडीदार जर्मनीत किंवा युरोपीय संघाच्या परिसरात राहत असला पाहिजे. बायको वारज्यात आणि नवरा म्युनिकमध्ये अशी स्थिती असेल तर नवरा विवाहित असूनही पहिल्या वर्गात जातो. मुलांसाठी मिळणारे किंडरगेल्ड, जे तेव्हा महिन्याला २५० युरो होते, तेही मूल पुण्यात असताना मिळत नाही. म्हणजे 'आधी मी एकटा जातो, मग बघू' या आपल्याकडच्या सर्वमान्य तोडग्याला महिन्याला ६७० युरोंची किंमत होती, आणि ती कोणत्याही भावयादीत दिसणार नव्हती.

दुसऱ्या बाजूला एक मोठी जमेची गोष्टही यादीबाहेर राहिली होती. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुले वेगळा हप्ता न भरता येतात. शाळेला फी नाही. या दोन ओळींनी पुण्यातल्या खर्चाचे सुमारे चौदा हजार रुपये पुसले जात होते.

विचारात घेतलेले पर्याय

पुण्यातच राहणे हा पहिला पर्याय. शिल्लक ९३,०००, काही बदलायचे नाही.

दुसरा पर्याय तिघांनी म्युनिकला जाण्याचा. जर्मनीत घरभाड्याचे दोन आकडे असतात. एक नुसत्या जागेचे, ज्याला तिकडचे भारतीय कोल्ड रेंट म्हणतात, आणि दुसरे त्यात तापवणी (घर गरम ठेवण्याचा खर्च), पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरेंची आगाऊ रक्कम मिळवून होणारे वॉर्म रेंट. जाहिरातीत ठळक अक्षरांत बहुतेकदा पहिले असते. म्युनिक हे भाड्याच्या बाबतीत जर्मनीतले सर्वांत महाग शहर. ७० चौरस मीटरच्या घराला त्यांना १,८५० युरो वॉर्म रेंट धरावे लागले. त्याशिवाय खाणेपिणे ५२०, वीज-इंटरनेट-मोबाइल १३०, प्रवासाचे दोन मासिक पास ९८, शाळेनंतरची दुपारची देखरेख १४०, कपडे व घरसामान १५०, हिंडणे-फिरणे १८०, किरकोळ १५०, प्रसारण-शुल्क आणि छोटे विमे मिळून ४३. वर्षातून एकदा तिघांनी पुण्याला येण्यासाठी महिन्याला २०० युरो बाजूला टाकायचे. एकूण सुमारे ३,४६० युरो. मिळकत किंडरगेल्डसह ४,०९०. उरले ६३० युरो, म्हणजे साधारण ५६,६०० रुपये.

त्यातून पुण्याचा हप्ता, मेंटेनन्स, आईवडिलांचे पैसे आणि विम्याचा हप्ता मिळून ५३,७०० रुपये जाणार. फ्लॅट भाड्याने दिला तर २४,००० रुपये येणार, पण इथे आमच्या क्षेत्रातला एक नियम आडवा येतो. घरमालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो, भाडे कितीही कमी असले तरी. विवरणपत्र भरल्यावर जास्तीचा कर परत मिळतो, पण महिन्याच्या हिशेबात हाती १६,५०० रुपयेच धरायला हवे होते. सगळे वजा करून म्युनिकच्या पर्यायात शिल्लक राहत होती महिन्याला १९,४०० रुपये. पुण्यात ९३,०००, म्युनिकमध्ये १९,४००. हा आकडा कागदावर उमटला तेव्हा निखिल थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

तिसरा पर्याय निखिल यांनी एकट्याने जाऊन दोन-तीन वर्षे राहण्याचा. पहिल्या करवर्गातले ३,४२० युरो, ९०० युरोंची एका खोलीची जागा, एकट्याचा खर्च, पुण्यात मृणाल यांची नोकरी चालू. दोन्ही घरांचा खर्च जाऊन महिन्याला सुमारे १,०८,००० रुपये उरत होते. करवर्गाचा फटका आणि किंडरगेल्डचा तोटा सोसूनही शुद्ध पैशांच्या दृष्टीने हाच पर्याय सर्वांत सरस ठरला. तो नाकारण्याचे कारण हिशेबात नव्हते. मुलगी सात वर्षांची होत होती, आणि मृणाल यांनी स्पष्ट सांगितले की महिन्याला पंधरा हजार जास्त मिळावेत म्हणून त्या तीन वर्षे घर, नोकरी आणि सासूसासरे एकटीने सांभाळणार नाहीत. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, पण तो किती रुपयांना पडतो आहे हे ठाऊक असताना तो घेतला गेला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

चौथा पर्याय निखिल यांनी मुलाखतीच्या वेळी कानावर पडलेल्या एका वाक्यावरून शोधला. संघातले दोघेजण रोज आउग्सबुर्गहून येत होते. आउग्सबुर्ग हे म्युनिकच्या पश्चिमेचे जुने शहर. तिथून रिजनल गाडीने म्युनिकला पाऊण तास लागतो आणि देशभर चालणारा मासिक पास, जो त्या वर्षी ४९ युरोंना होता, त्या गाडीला चालतो. वेगवान आयसीईला मात्र चालत नाही. आउग्सबुर्गमध्ये तेवढेच घर १,२४० युरो वॉर्म रेंटला मिळत होते. बाकी सगळे तसेच ठेवून महिन्याला ६१० युरो वाचत होते आणि देणी फेडून शिल्लक सुमारे ७४,००० रुपयांवर जात होती. दुधाचा, केशकर्तनाचा आणि सिनेमाचा भाव दोन्ही शहरांत जवळजवळ सारखाच. सगळा फरक एका ओळीत होता.

निर्णय आणि कृती

मार्चमध्ये निखिल यांनी कंपनीशी बोलणी केली. ७०,००० युरो मागितले. ते मिळाले नाहीत. त्याऐवजी स्थलांतरासाठी एकरकमी ४,००० युरो, पहिले तीन महिने कंपनीची सजवलेली जागा आणि आठवड्यातून दोनच दिवस कार्यालयात येण्याची लेखी मुभा मिळाली. या तिसऱ्या गोष्टीशिवाय आउग्सबुर्गचा पर्याय कागदावरच राहिला असता. रोज दीड तास गाडीत बसण्याची किंमत कोणत्याही तक्त्यात नीट मांडता येत नाही.

निखिल जून २०२४ मध्ये गेले. मृणाल आणि मुलीने त्याच वर्षी, पण दिवाळी करून जायचे ठरले. या तारखेमागे कराचा विचार होता. जोडीदार वर्षाच्या अखेरीआधी येऊन जर्मनीत राहू लागला, तर त्या वर्षासाठी पतिपत्नींना एकत्र कर-आकारणी मागता येते, आणि पहिल्या वर्गात जास्त कापला गेलेला कर विवरणपत्र भरल्यावर बऱ्याच अंशी परत मिळू शकतो. जोडीदाराची त्या वर्षातली भारतातली कमाई कराचा दर ठरवताना धरली जाते, त्यामुळे पूर्ण फायदा होत नाही. तरीही जानेवारीत जाण्यापेक्षा नोव्हेंबरात जाणे कितीतरी स्वस्त होते. मधल्या पाच महिन्यांत मृणाल यांचा पगार चालू राहिला आणि त्यांनी पुण्यातच जर्मनच्या पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण केल्या. पुण्यात जर्मन शिकण्याची सोय आणि परंपरा दोन्ही मोठ्या आहेत. त्यांचा फायदा न घेता विमानात बसणारी माणसे पाहिली की मला नवल वाटते.

ऑगस्टमध्ये आउग्सबुर्गमधले एक घर पक्के झाले. निखिल यांनी तिथून पाठवलेले छायाचित्र मृणाल यांनी मला दाखवले. स्वयंपाकघर म्हणून जी खोली होती तिच्या भिंतीतून पाण्याचे दोन आखूड पाइप बाहेर आलेले, खाली शेगडीसाठीची विजेची जाड वायर गुंडाळून ठेवलेली, आणि भिंतीवर आधीच्या भाडेकरूच्या कपाटांचे फिकट चौकोन. बाकी खोली रिकामी. मृणाल यांनी उलट विचारले होते, "ओटा कुठंय?" जर्मनीत भाड्याच्या घरांना अनेकदा ओटा, सिंक, शेगडी यांपैकी काहीच नसते, भाडेकरू आपले स्वयंपाकघर घेऊन येतो आणि घेऊन जातो, किंवा पुढच्याला विकतो. या घरातला आधीचा भाडेकरू ते काढून घेऊन गेला होता. जुन्या सामानाच्या बाजारातून जुळवलेले स्वयंपाकघर आणि ते बसवणाऱ्याची मजुरी मिळून १,८०० युरो लागले.

तीन महिन्यांच्या कोल्ड रेंटइतकी अनामत म्हणजे २,९७०. फर्निचर, गाद्या आणि धुलाईयंत्र ३,४००. विमानाची तिकिटे १,४५०, कागदपत्रांची भाषांतरे आणि व्हिसा ६००, थंडीचे कपडे ७००. एकरकमी खर्चाचा मूळ अंदाज ६,००० युरो होता. प्रत्यक्षात १०,९२० झाले. कंपनीचे ४,००० आणि ग्रॅच्युइटीचा काही भाग त्यात गेला. अनामतीसाठी भारतातून पैसे पाठवावे लागले. तेव्हा एका आर्थिक वर्षात सात लाखांपुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ वसूल करायचा कर, कापला जात असे (एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली). तो नंतर आपल्या प्राप्तिकरात वळता होतो, पण ऐन गरजेच्या वेळी पैसा अडकतो. मृणाल यांनी रक्कम मर्यादेच्या आत ठेवली.

बारा महिन्यांनंतर

मृणाल आणि मुलगी भाऊबीज करून गेल्या. डिसेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ या बारा महिन्यांचा हिशेब त्यांनी पुण्यात केला होता तसाच ठेवला.

आउग्सबुर्गमध्ये महिन्याला १,२४० युरो उरतील असे धरले होते. सरासरी १,०८० उरले. किराणा अंदाजापेक्षा स्वस्त पडला, ५२० ऐवजी ४५० युरो, कारण दूध, पीठ, बटाटे, दही अशा रोजच्या गोष्टी तिथल्या स्वस्त दुकानांत खरोखर स्वस्त आहेत. पहिल्या यादीत खाण्यापिण्याला दिलेल्या सगळ्या ओळींची भीती फोल ठरली. महाग पडली ती माणसाच्या हाताने होणारी कामे. मावशींचे ७,५०० रुपये वाचले, पण त्या कामाचे रोजचे दोन तास दोघांच्या अंगावर आले. एका रविवारी दार आतून ओढले गेले आणि किल्ली घरातच राहिली. कुलूपवाल्याने सुट्टीच्या दिवसाचा दर लावून १९० युरो घेतले. मृणाल म्हणाल्या, "सतरा हजार रुपयांत आमच्याकडे अख्खं दार नवीन आलं असतं."

जानेवारी २०२५ पासून आरोग्य विम्याचा आणि शुश्रूषा विम्याचा दर वाढला, त्यामुळे पगार तोच असूनही हातात येणारी रक्कम सुमारे वीस युरोंनी घटली. मासिक पास ४९ चा ५८ झाला. किंडरगेल्ड पाच युरोंनी वाढले. वॉर्म रेंटमधली २५० युरोंची रक्कम ही निव्वळ आगाऊ असते आणि खरा हिशेब घरमालक नंतर देतो, हे त्यांनी वाचले होते, पण त्यासाठी वेगळे पैसे ठेवले नव्हते. पहिल्या हिवाळ्याच्या हिशेबात ३८० युरोंची थकबाकी निघाली. तापवणीची चावी सगळ्या खोल्यांत रात्रंदिवस उघडी होती.

रुपयांतले चित्र मात्र अंदाजापेक्षा चांगले दिसले, आणि त्यात कुणाचेच कर्तृत्व नव्हते. २०२५ च्या उत्तरार्धात युरो शंभर रुपयांच्या पुढे गेला. देणी रुपयांत आणि कमाई युरोंत असल्यामुळे तोच हप्ता फेडायला कमी युरो लागू लागले. वर्षाच्या अखेरीस देणी फेडून महिन्याला साधारण ७०,००० रुपये उरत होते. दर ९० वरच राहिला असता तर हा आकडा ६० हजारांच्या घरात असता, हे मी त्यांना मुद्दाम काढून दाखवले.

भाडेकरूचे प्रकरण मात्र चिघळले. टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी आपली आहे हे त्याला करार झाल्यावर कळले. त्यासाठी क्रमांक काढणे आणि विवरण भरणे आले, म्हणून त्याने तीन महिन्यांत घर सोडले. फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला, म्हणजे ४८,००० रुपये गेले. पुढच्या भाडेकरूचे ते काम आमच्या कार्यालयाने अंगावर घेतले.

सप्टेंबर २०२५ मध्ये मृणाल यांना एका मालवाहतूक कंपनीच्या कार्यालयात अर्धवेळ काम मिळाले. पहिली पगारपावती पाहून त्या खट्टू झाल्या. नवरा तिसऱ्या करवर्गात असला की बायको पाचव्यात जाते, आणि पाचव्यात कर फार चढा कापला जातो. वर्षअखेर दोघांची एकत्र आकारणी होऊन हिशेब सरळ होतो, पण दरमहा हातात येणारी रक्कम कामाच्या मानाने तोकडी दिसते. नोव्हेंबरात दोघांनी चौथ्या वर्गासाठी, ज्यात नवराबायको दोघांचाही कर सारख्याच रीतीने कापला जातो, अर्ज केला.

वेगळे काय करता आले असते

अनामत एकदम भरायची गरज नव्हती. जर्मन कायद्याने भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत देता येते. निखिल यांना हे तीन महिन्यांनी एका सहकाऱ्याकडून कळले. ऑगस्टमध्ये हातात दोन हजार युरो जास्त असते तर कदाचित स्वयंपाकघर घाईने जुळवावे लागले नसते.

भाडेकरूच्या बाबतीत चूक माझी होती. टीडीएसचा परिणाम मी तक्त्यात दाखवला, पण त्याची अंमलबजावणी ज्याने करायची त्या माणसाशी करारापूर्वी बोलायला हवे, हे सांगायचे माझ्याकडून राहिले. आता मी अशा प्रत्येक कुटुंबाच्या भाडेकरारात त्याचे वेगळे कलम घालायला सांगतो.

मृणाल यांच्या मते त्यांनी जर्मनचा अभ्यास जानेवारीतच, म्हणजे निर्णय होण्याआधीच सुरू करायला हवा होता. निर्णय फिरला असता तर फीचे काही हजार वाया गेले असते. निर्णय झाला तर नोकरी चार-पाच महिने आधी मिळाली असती. त्यांच्या पगाराची ओळ पहिल्या यादीत असती तर हे तेव्हाच सुचले असते, असे मला वाटते.

निवृत्तिवेतनाच्या ९.३ टक्के कपातीकडे आम्ही निव्वळ खर्च म्हणून पाहिले, तेही पूर्ण बरोबर नव्हते. तिथे पेन्शनचा हक्क मिळायला किमान ६० महिने भरावे लागतात, आणि भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू असल्यामुळे हक्क ठरवताना दोन्ही देशांतला विम्याचा कालावधी एकत्र धरता येतो. वर्षाला ६,१०० युरोंहून अधिक, आणि तेवढाच कंपनीचा वाटा, अशी ही रक्कम आहे. ती महिनाअखेरच्या शिलकेत दिसत नाही, पण पुणे आणि आउग्सबुर्ग यांच्यातला १५-२० हजारांचा फरक मोजताना ती शून्य धरणे हा तुलनेतला दोषच होता. पुण्याच्या बाजूचा प्रॉव्हिडंट फंडही आम्ही धरला नव्हता, म्हणून निदान दोन्ही पारड्यांत चूक सारखी झाली.

त्यांच्या तक्त्यात आता एक नवा स्तंभ आला आहे. म्युनिक आणि आउग्सबुर्ग ज्या राज्यात आहेत त्या बव्हेरियात चौथीच्या गुणांवरून मूल कोणत्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जाणार हे ठरते. मुलगी सुरुवातीला नव्याने आलेल्या मुलांच्या जर्मन वर्गात होती, आता नेहमीच्या वर्गात बसते. परत यायचे असेल तर चौथीच्या आत यायचे, असे मृणाल यांचे मत आहे. निखिल यांना कर्ज निम्म्यावर आणल्याखेरीज यायचे नाही. सध्याच्या शिलकेने ते निम्म्यावर यायला चौथी संपून जाते. मृणाल पूर्णवेळ काम करू लागल्या तर वर्षभर आधी होते, पण मग शाळेनंतरच्या देखरेखीचे तास वाढतात आणि ती ओळ पुन्हा मोजावी लागते. डिसेंबरच्या सुट्टीत ते पुण्याला येणार आहेत, तेव्हा सहा महिन्यांचे उतारे घेऊन या, असे मी कळवले आहे.